दुसरी प्रत

“आई, ती असं म्हणतच नाहीये,” इवेलिना म्हणाली, आणि बोटाला चिकटलेलं लेबल नखानं खरवडत बसली. तिच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता. कॅसेट एकसष्ट, इंग्रजी सिनेमा, काळा-पांढरा, भाषांतर आणि आवाज ल्यूबेनचा, शेवट अर्धवट. एवढं लिहायचं आणि पुढची घ्यायची. आठवडाभर आम्ही मायलेकी हेच करत होतो. राजधानी सोफियातल्या एका संग्रहालयाला ल्यूबेनच्या कॅसेटी हव्या होत्या. सिनेमे नको होते, ते त्यांच्याकडं होतेच. त्यांना हवा होता तो सिनेमावर बोललेला माणसाचा आवाज. शनिवारी त्यांची गाडी येणार, रविवारी इवेलिनाचं विमान, आणि त्याआधी यादी पुरी व्हायला हवी. पडद्यावर ती बाई आगगाडीच्या दारात उभी होती. हातातली बॅग तिनं खाली ठेवली होती. चित्र थरथरत होतं. “मग काय म्हणते?” मी विचारलं. “म्हणते, जाते मी, ही किल्ली घे. आणि बाबा काय सांगतायत बघ. नाही जात, माझं सगळं इथंच आहे.” ती हसली आणि खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या बापाकडं वळली. “काय बाबा, चक्क थाप मारलीत की.” ल्यूबेन म्हणाला, “बरं.”

ल्यूबेनपाशी आता एवढा एकच शब्द उरला आहे. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्याला झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतं, पण सांगायला जातो तेव्हा तोंडातून ‘बरं’ निघतं. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. आमच्या वसाहतीत हे कुणाला सांगूनही खरं वाटत नाही, कारण पस्तिशीच्या वरच्या प्रत्येकाच्या कानात ल्यूबेनचा आवाज आहे. त्या काळात खलाशी बाहेरून कॅसेटी आणायचे आणि ल्यूबेन मायक्रोफोन धरून त्यांच्यावर बोलायचा. खाली मूळ आवाज बारीक चालू असायचा आणि वर हा. नायक हाच, नायिका हाच, दरोडेखोर हाच, नायिकेचं तापानं फणफणलेलं पोरही हाच. स्वर चढवायचा नाही, रडायचं नाही, नुसतं वाचल्यासारखं सांगायचं. बायकांची वाक्यं तो अशी काही सरळ सांगायचा की त्या बाया नट्या आहेत हे आम्ही विसरत असू. पुढं खऱ्या चित्रपटगृहात तेच सिनेमे लागले, तेव्हा लोक निम्म्यातून उठून आले. ल्यूबेन नाही तर काय मजा, म्हणाले.

मी स्वयंपाकघरात आले. शेंगा निवडायच्या होत्या. सूप करायचं होतं. शेंगांचे दोर काढताना हात नीट चालत होते, पण कानाला दडा बसल्यासारखं झालं होतं. आतून इवेलिनाचा आवाज येत होता, कॅसेट पुढं ढकलल्याचा खरखराट येत होता. यादीचा नियम असा होता की सिनेमा संपला तरी कॅसेट शेवटपर्यंत बघायची, कारण त्या काळी रिकामी कॅसेट कुणाकडंच नसायची. जुन्यावर नवं घ्यायचं, आणि नवं संपलं की खालचं जुनं वर यायचं. एका मारामारीच्या सिनेमाच्या शेवटी कुणाच्या तरी लग्नातला नाच निघाला होता, दुसऱ्याच्या शेवटी दर शुक्रवारी टीव्हीवर लागणाऱ्या रशियन कार्यक्रमातली एक बाई गव्हाबद्दल बोलत होती. इवेलिनाला त्याची गंमत वाटत होती. एकसष्टच्या शेवटी मात्र काही नव्हतं. बाई बॅग खाली ठेवते, बोलते, मान हलवते, आणि पडदा पांढरा. कॅसेट पुरली नाही, असं ल्यूबेन तेव्हा म्हणाला होता. मी ते एकोणतीस वर्षं मानत आले, कारण न मानायला काही कारणच नव्हतं.

ती संध्याकाळ मला पाठ आहे. जून महिना, उकाडा, तरी पडदे ओढलेले. ल्यूबेन तेव्हा माझा कुणी नव्हता. वरच्या मजल्यावरचा माणूस, बंदराच्या वायरलेस खोलीत कामाला, परदेशी कप्तानांशी दिवसभर इंग्रजीत बोलणारा. त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही बाराएक जण कोंबलेलो, कुणी शिलाई यंत्रावर, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर. मी फ्रिजला टेकून स्टुलावर. कोपऱ्यातल्या गेना काकू सूर्यफुलाच्या बिया फोडत होत्या. “काकू, फोडणं थांबवा, मायक्रोफोनमध्ये जातंय,” ल्यूबेन म्हणाला. “जाऊ दे की. त्या बाईला पण भूक लागली असेल,” काकू म्हणाल्या. “हा कोण, नवरा का तिचा?” “कळेल.” “नवराच असणार. बघा कसा उभा आहे, जशी काही रेल्वे त्याच्या बापाची.” सगळे हसले. मला हसू येत नव्हतं. तीन दिवसांनी मी जाणार होते. कामगार संघाच्या ग्रीसच्या सहलीत माझं नाव लागलं होतं, पाच दिवस, बसनं, आणि पाचव्या दिवशी बस परत निघेल तेव्हा मी तिच्यात नसणार होते. थेसालोनिकीला स्तामेन थांबला होता, माझं ज्याच्याशी जुळलं होतं तो. जहाजावर वायरलेसवाला होता, आदल्या वर्षी तिकडच्या पिरेअस बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. त्याच्या मित्राकरवी निरोप आला होता, ये. तेव्हा सीमा बंद होत्या, असं पळून जाणं गुन्हा होता. मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. घरी पलंगाखाली बॅग होती. ती मी रोज भरत होते आणि रोज काहीतरी काढून परत कपाटात ठेवत होते.

आणि मग ती बाई आगगाडीच्या दारात आली. तिच्याही हातात बॅग होती. गेना काकूंचं फोडणं थांबलं. फलाटावरच्या माणसानं तिला विचारलं, म्हणजे ल्यूबेननं विचारलं, “जाणार आहेस?” तिनं बॅग खाली ठेवली, मान हलवली, वरून खाली, आणि ल्यूबेन म्हणाला, “नाही जात. तिकडं मी कोण असेन? माझं सगळं इथंच आहे.” आणि कॅसेट संपली. कुणीतरी टाळी वाजवली. काकू पदरासारख्या धरलेल्या ॲप्रनला डोळे पुसत होत्या, “शहाणी बाई, शहाणी बाई,” म्हणत होत्या. मी खाली आले, बॅग पलंगाखालून ओढली आणि रिकामी केली. सहलीच्या दिवशी मला ताप आला असं मी कळवलं. पुढच्या वसंतात मी ल्यूबेनशी लग्न केलं, त्या वर्षाच्या शेवटी सरकार पडलं, सीमा उघडल्या, ज्याला जायचं तो दिवसाढवळ्या, तिकीट काढून, शिट्टी वाजवत जाऊ लागला. मी गेले नाही. मी ठरवलेलं होतं. ठरवलेली बाई म्हणून मी या घरात वावरले. आमच्या गल्लीत निम्मी घरं रिकामी झाली, बाया जर्मनीत म्हातारे सांभाळायला गेल्या, इटलीत फरशा पुसायला गेल्या, आणि मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होते आणि मनातल्या मनात त्यांना कमी लेखत होते. इवेलिना एकोणिसाव्या वर्षी लीड्सला निघाली तेव्हा विमानतळावर मी तिला तेच वाक्य ऐकवलं होतं. तिकडं तू कोण असशील? ती रडत गेली. ते वाक्य कुठल्या सिनेमातलं ते तिला ठाऊक नव्हतं. ते माझं आहे असंच तिला वाटलं. मलाही तसंच वाटायचं.

शेंगा संपल्या. मी उगाच परत मोजायला घेतल्यासारख्या चाळत बसले. तिनं मान वर-खाली केली होती, मी स्वतःला म्हणाले. आमच्याकडं वर-खाली मान म्हणजे नाही. हो म्हणायचं तर आम्ही ती आडवी हलवतो, या खांद्याकडून त्या खांद्याकडं. जगाचं उलटं आहे हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार होतं. इवेलिना लीड्सला गेली तेव्हा घरमालकीण रोज सकाळी चहा विचारायची, ही आनंदानं आडवी मान हलवायची, आणि आठवडाभर तिला चहा मिळाला नाही. मग त्या संध्याकाळी आम्ही बाराही जणांनी आपल्या डोळ्यांनी बाईचा नकार पाहिला होता. ल्यूबेननंही तोच पाहिला असेल. यंत्राचा आवाज खरखरीत, खोलीत बियांचा कडकडाट, बोलायला एक क्षण, त्यानं बाईच्या मानेकडं पाहिलं आणि सांगून टाकलं. चूक. माणसाची साधी चूक. मला त्या विचारानं इतकं बरं वाटलं की मी गॅस लावला, कांदा चिरला, आणि कांदा परततानाच ते बरं वाटणं ओसरलं. दिवसभर परदेशी जहाजांशी बोलणारा माणूस. ‘जाते’ आणि ‘येते’ एवढ्या दोन शब्दांवर त्याचं पोट होतं. कुठलं जहाज निघालं आणि कुठलं आलं हे त्याला मान बघून कळत नसे.

आणि ते इंग्रजीचे धडे. कांद्याच्या वाफेत मला ते आठवले आणि मी पातेल्याचा कान धरून उभी राहिले. मे महिन्यात मी त्याच्याकडं जात होते, मला इंग्रजीत एक वाक्य शिकव म्हणून. तिकडच्या पोलिसांसमोर काय म्हणायचं ते मला येत असायला हवं, असा स्तामेनचा निरोप होता. “कुठलं वाक्य?” ल्यूबेननं विचारलं. “मला इथं राहायचं आहे.” “कुठं राहायचंय?” “कुठं नाही रे. नुसतं, जिभेला वळण म्हणून.” त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं चहा ओतला, आणि ते वाक्य माझ्याकडून म्हणून घेतलं. शब्द लांबवू नकोस, म्हणाला. घाबरल्यासारखं म्हणू नकोस, तुझा हक्क आहे असं म्हण. तीन आठवडे तो ते वाक्य घासून घेत होता, आणि मी जिना उतरताना त्याला हसत होते. बिचारा, याला काही समजत नाही. आपण ज्याला समजत नाही म्हणून हसतो त्याला सगळं समजत असतं, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कांदा परतताना समजत होतं. तरीही पुरावा नव्हता. माणूस सरळ असू शकतो. सरळ माणसाच्या हातून चूक होऊ शकते. मी हेच परत परत घोळवत होते, कारण दुसरं काही घोळवायला घेतलं असतं तर त्याच्या खुर्चीपाशी जाणं मला जड गेलं असतं, आणि त्याला औषध द्यायची वेळ झाली होती.

“आई,” इवेलिनानं आतून हाक मारली, “हा परत आहे.” मी दारात गेले. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर संगणक, हातात कॅसेट. “तोच सिनेमा. दुसऱ्या खोक्यात निघाला, नंबर दोनशे बारा. लेबलावर वेळ लिहिलीय, एकसष्टपेक्षा मोठा आहे हा, चार-पाच मिनिटांनी. म्हणजे शेवट असणार याच्यात. लावू?” खिडकीपाशी ल्यूबेननं मान वळवली. “बरं,” तो म्हणाला. मग परत, घाईनं, “बरं, बरं.” डावा हात त्यानं ब्लँकेटमधून बाहेर काढला होता. “बाबांना बघायचंय वाटतं,” इवेलिना म्हणाली. “नको,” मी म्हणाले. “आत्ता नको. तू जा, ब्रेड घेऊन ये. आणि दही. आणि ती तुझी मैत्रीण बागेत भेटायची म्हणत होती ना, भेट की. तोवर सूप होतंय.” इवेलिनानं माझ्याकडं नीट पाहिलं. तिचे डोळे बापाचे आहेत, न बोलता बघणारे. “आई, तुला काय झालंय?” “काही नाही. आठवडाभर घरात कोंडून घेतलंयस स्वतःला. जा.” ती उठली, बूट घातले, दाराशी थांबली. “रविवारचं सांग मला आज, येतेयस ना माझ्याबरोबर? उद्या तिकिटं मिळणार नाहीत. त्सोंका आत्या दोब्रिचहून उद्या सकाळीपण यायला तयार आहे, बाबांना घेऊन जायला. तिचं घर तळमजल्यावर आहे, अंगण आहे. ती माणसं काही परकी नाहीत.” “तुला वर्षभर सांगतेय ना मी.” “काय सांगतेयस? माझं सगळं इथंच आहे, हेच ना?” ती थट्टेनं म्हणाली. पण हे म्हणताना तिचा चेहरा मध्येच बदलला, कुठंतरी ऐकलेलं आठवावं तसा, आणि तिनं टीव्हीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी दार लावून घेतलं.

आता आम्ही दोघंच. मी कॅसेट यंत्रात घातली. ल्यूबेन बघत होता. खरं तर मला ती खिडकीतून फेकूनही देता आली असती. यादीत एक नंबर कमी, कोण विचारणार होतं. मी आणखी वीस वर्षं जगले असते, सरळ माणसाची साधी चूक म्हणत. त्याला भरवलं असतं, कूस बदलली असती, दाढी केली असती. उरलेलं आयुष्य मला सोपं हवं होतं की खरं हवं होतं, हे मी तिथं उभी राहून ठरवत होते, आणि मला स्पष्ट आठवतं की मला सोपंच हवं होतं. पण बोट बटणावर गेलं. आधी पांढऱ्या रेघा, मग काळं, आणि त्या काळ्यातून त्याचा तरुण आवाज आला. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला तो असं सांगायचा, कप्तान नोंद करतात तसं. “नाविकांच्या क्लबसाठी. तीन जून, अठ्ठ्याऐंशी. वाचतोय ल्यूबेन.” तीन जून. आमचा सिनेमा त्याच वर्षी, त्यानंतर दोन आठवड्यांनी झाला होता. म्हणजे त्यानं तो आधी पाहिला होता, आधी वाचलाही होता. मी खाली जमिनीवर बसले. माझे गुडघे आताशा बसू देत नाहीत, पण बसले.

सिनेमा पुढं ढकलायला हवा होता, पण मी ढकलला नाही. मी तो सगळा ऐकला. हा आवाज मी दीड वर्षात असा ऐकलाच नव्हता. आधी धीर होत नव्हता, आणि गेला आठवडाभर इवेलिनाच्या बडबडीत तो नुसता यादीतला रकाना झाला होता. किती छान बोलायचा. एका म्हाताऱ्या मोलकरणीचं भांडण तो सांगत होता, आणि मला हसू आलं, त्याही स्थितीत हसू आलं, आणि मी मागं वळून पाहिलं तर खुर्चीत त्याचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या आवाजाबरोबर हलत होते. आवाज निघत नव्हता. तो आपलीच वाक्यं आपल्या मागून म्हणत होता, एक शब्द मागं राहून. डॉक्टर म्हणाले होते, पाठ झालेलं असतं ते कधीकधी शिल्लक राहतं. मला वाटलं, याला आपण हा आवाज रोज ऐकवायला हवा होता, आणि लगेच वाटलं, थांब. आधी बघ. खालच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्या धपधपीकडं माझं लक्ष जात होतं आणि परत पडद्याकडं येत होतं. सूप लागत असणार, मला वास येत होता, मी उठले नाही.

आगगाडी आली. बाई दारात आली. फलाटावरच्या माणसानं विचारलं, “जाणार आहेस?” तिनं बॅग खाली ठेवली. मान हलवली, वरून खाली. आणि ल्यूबेन म्हणाला, त्याच सरळ आवाजात, काही चढवलं नाही, काही पाडलं नाही, “हो. जाते मी. ही किल्ली घे. परत आले तर दार वाजवीन.” आणि कॅसेट संपली नाही. तिनं बॅगेतून किल्ली काढली, त्याच्या तळहातावर ठेवली, बॅग उचलली. दार लागलं. गाडी निघाली, कितीतरी वेळ निघतच राहिली, आणि तो माणूस किल्ली धरून उभा. बॅग तिनं थांबण्यासाठी ठेवली नव्हती. बॅग तिनं किल्ली काढण्यासाठी ठेवली होती. आमच्या प्रतीत नेमकं एवढंच नव्हतं. किल्लीच्या आधी कॅसेट थांबली होती, म्हणजे थांबवली होती, कुणीतरी बोट ठेवून.

मी टीव्ही बंद केला. खुर्चीपाशी गेले. त्याचे ओठ हलायचे थांबले होते. तो माझ्याकडं बघत होता, आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. मे महिन्यात मी ते वाक्य म्हणायचे तेव्हा चहाच्या कपाकडं तो असंच बघायचा. “तुला माहीत होतं,” मी म्हणाले. “मी जाणार ते तुला माहीत होतं. त्या धड्यांपासून.” मला वाटलं, तो बरं म्हणेल, आणि मला काहीच कळणार नाही, आणि कदाचित तेच चांगलं. त्याचं तोंड उघडलं. बंद झालं. मग त्यानं मान हलवली, डाव्या खांद्याकडून उजव्या खांद्याकडं, अर्ध्यात अडकली, उजवीकडं त्याची मान नीट वळत नाही. त्यानं ती जोर लावून पुरी नेली, आणि परत आणली. हो. “आणि मुद्दाम सांगितलंस.” परत तीच मान, आडवी, सावकाश. हो. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ‘बरं’ म्हटलं नाही त्यानं. तो एकच शब्द त्याच्याकडं होता आणि तो त्यानं वापरला नाही.

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. लोक म्हणतील, प्रेमापोटी केलं, आणि गेना काकू जिवंत असत्या तर त्यांनी ॲप्रननं डोळे पुसले असते. प्रेमापोटीच केलं असेल. पण मी त्या आठवड्यात बॅग भरत होते आणि रिकामी करत होते. स्तामेनचा चेहरा मला नीट आठवत नव्हता. स्वेटर आत, स्वेटर बाहेर. मी कुठं जाणार आणि कुठं राहणार हे माझ्या त्या पलंगाखाली ठरत होतं, हळूहळू ठरत होतं, माझ्या हातानं. कदाचित मी बसमध्ये चढलेच नसते. कदाचित पाचव्या दिवशी थेसालोनिकीला त्या पोलिसांच्या दारापर्यंत जाऊन मागं फिरले असते. तीन दिवस राहिले होते. त्यानं मला ते तीन दिवस दिले नाहीत. “मी तरीही थांबले असते रे,” मी त्याला म्हणाले. “कदाचित. आणि ते थांबणं माझं असतं. तू मला थांबूसुद्धा दिलं नाहीस. तू ठेवून घेतलंस.” तो रडायला लागला. झटक्यानंतर तो हवामानाच्या बातम्यांनासुद्धा रडतो, म्हणून त्याच्या रडण्याकडं मी फारसं लक्ष देत नाही, पुसते आणि पुढं जाते. त्या दिवशी मी पुसलं नाही. रुमाल माझ्या हातात होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्याला रडू दिलं, आणि त्याचा आवाज नसलेला तो चेहरा बघताना मला हेही दिसलं की अठ्ठावीस वर्षं हा माणूस माझ्याशेजारी झोपला, आणि रोज या भीतीनं झोपला की कधीतरी कुणीतरी इंग्रजी येणारं या घरात येईल. मग त्यानं पोरीला इंग्रजी शिकवलं. स्वतः बसून शिकवलं, चौथीपासून, शब्द लांबवू नकोस म्हणत. हे मला आत्ता, लिहिताना, कळतंय असं नाही. तेव्हाच कळलं होतं. राग त्यानं कमी झाला नाही.

सूप तळाशी लागलं होतं. वरचं मी दुसऱ्या भांड्यात काढलं, त्याला वाटीत दिलं, चमच्यानं भरवलं. तो जेवला. मधे एकदा त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मी ते सोडवून घेतलं, जोरात नाही. दाराचं कुलूप वाजलं. इवेलिना ब्रेड आणि दही घेऊन आली, तिनं बंद टीव्ही पाहिला, बापाचे सुजलेले डोळे पाहिले, आणि पिशवी टेबलावर ठेवून संगणक उघडला. मग म्हणाली, “दोनशे बाराला काय लिहू?”

“लिही, पूर्ण आहे,” मी म्हणाले. “भाषांतर बरोबर.”

“आणि एकसष्टला?”

“ती नाही द्यायची. ती माझी आहे.”

तिनं तसं लिहिलं. मग संगणक मिटला आणि मांडीवर तसाच धरून बसली. “आई, त्सोंका आत्याला फोन करू का? की नको?” मी वाटी पुसून घेत होते. ल्यूबेन आमच्याकडं बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याची पाठ ताठ झाली होती. आम्ही काय बोलतोय ते तो ऐकत होता. या वेळी माझ्या वाक्यावर बोलायला त्याच्याकडं काही नव्हतं.

“कर,” मी म्हणाले. “म्हणावं, महिनाभराची औषधं मी काढून देते. आणि त्याला रात्री उजव्या कुशीवर झोपवू नकोस म्हणावं.”

“आणि तिकीट?”

“काढ.”

ती एकदम उठली, मग परत बसली. फोन हातात घेतला. तिचा अंगठा पडद्यावर फिरत होता. “रविवारचं आहे, माझ्याच विमानाचं. खिडकीची जागा आहे. परतीचं कधीचं काढू? महिन्यानं?”

ल्यूबेननं मान वळवली.

“परतीचं नको काढूस,” मी म्हणाले. “ते माझं मी काढीन.”